शिवणकामाचा कारखाना वीस वर्षं टिकवायचा तर: आधी मिनिटाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साठ-साठ मशीनच्या दोन लाइन, ऑर्डर बाराही महिने भरलेल्या, तरी वर्षाअखेरीला हातात काही उरत नाही. धंद्याचा ७० टक्के भाग एकाच ग्राहकाकडून येतो. ऑपरेटर टिकत नाहीत. आता तोच ग्राहक पर्यावरणाची आणि कामगारविषयक प्रमाणपत्रं मागतोय. अशा वेळी नवी मशीन घ्यावीत, प्रमाणपत्रांवर खर्च करावा की दुसरा ग्राहक शोधावा? आणि पुढे मुलीच्या हाती कारखाना द्यायचा असेल तर आजपासून तो कसा चालवावा?

या तिन्ही गोष्टी जरा बाजूला ठेवा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर काढा: तुमच्या कारखान्यातलं शिलाईचं एक मिनिट तुम्हाला कितीला पडतं? बहुतेक मालकांना नगामागे मिळणारा शिलाईदर तोंडपाठ असतो, पण मिनिटाचा खर्च विचारला की अकाउंटंटकडे बघतात. कापड तुम्ही विकत घेता आणि जवळपास त्याच भावात पुढे देता. तुमचं स्वतःचं असं जे काही विकायला आहे ते म्हणजे मशीनवर बसलेल्या माणसाचा वेळ. सुटलेल्या बसमधली रिकामी सीट जशी नंतर विकता येत नाही, तसंच गेलेल्या मिनिटाचं आहे.

हिशेब अवघड नाही. ६० ऑपरेटरची लाइन आठ तास चालली की २८,८०० मिनिटं हजेरीची झाली. शर्टाचा एसएएम, म्हणजे तो शिवायला लागणारी प्रमाणित मिनिटं, १८ धरा. लाइनची एफिशियन्सी, म्हणजे हजेरीच्या मिनिटांपैकी प्रमाणित मिनिटांच्या कामात उतरलेला भाग, ४० टक्के असेल तर दिवसाला ६४० शर्ट निघतात, ५५ टक्के असेल तर ८८०. पगार तोच, भाडं तेच, सुपरवायझर तोच, विजेचं बिल जवळपास तेच. वरचे २४० शर्ट हाच नफा किंवा तोटा.

आता दोन्ही लाइनचा महिना घ्या. २६ दिवसांची कागदावरची मिनिटं १४,९७,६०० होतात. त्यातून ८ टक्के गैरहजेरी वजा करा, उरलेल्याला ४५ टक्के एफिशियन्सीने गुणा, की विकण्याजोगी मिनिटं राहतात सुमारे ६ लाख २० हजार. पंधरा लाखांची सव्वासहा लाखसुद्धा नाहीत! कापड, धागा, बटणं, पॅकिंग सोडून महिन्याचा जो काही खर्च आहे तो सगळा या आकड्याने भागायचा. यात ऑफिसचे पगार, व्याज, मशीनचा घसारा आणि तुमचा स्वतःचा पगारही आला. आपला पगार न धरणारे मालक खूप असतात, आणि त्यांचा कारखाना नफ्यात दिसतो तो त्यामुळेच. जे उत्तर येईल ते तुमच्या मिनिटाची खरी किंमत. मागच्या सहा महिन्यांतल्या सगळ्या ऑर्डर या किमतीवर पुन्हा तपासा. ज्या ऑर्डरींनी लाइन ‘भरलेली’ ठेवली त्यांतल्या काहींनी तुमच्याच खिशातून पैसे नेलेत, हे तिथे दिसेल.

यात सगळ्यात फसवी असते ती लहान ऑर्डर. नवी स्टाइल लाइनवर चढली की पहिल्या दिवशी एफिशियन्सी २० टक्के, दुसऱ्या दिवशी ३०, तिसऱ्या दिवशी ४०, असं साधारण चित्र असतं. हात बसायला वेळ लागतो, फोल्डर आणि अटॅचमेंट (कापड दुमडणारे, धरणारे मशीनचे जोड) बदलावी लागतात, कॉलर जोडणाऱ्याकडे माल तुंबतो आणि पुढचे रिकामे बसतात. वरच्याच १८ मिनिटांच्या शर्टाची १,२०० नगांची ऑर्डर घेतली तर पहिल्या दिवशी ३२०, दुसऱ्या दिवशी ४८०, आणि उरलेले तिसऱ्या दिवशी निघतात. म्हणजे लाइनला ४५ टक्क्यांचं तोंडही न दाखवता ती ऑर्डर संपते, सरासरी पडते ३० टक्क्यांच्या आसपास. तुम्ही दर लावला होता ४५ टक्के धरून. प्रत्यक्षात त्या ऑर्डरचं मिनिट तुम्हाला दीडपट महाग पडलं.

म्हणून लहान ऑर्डर घ्यायचीच नाही असं मी म्हणणार नाही. आजकाल मोठे ग्राहकसुद्धा नग कमी आणि स्टाइल जास्त देतात, त्यांना नाही म्हणून चालत नाही. पण दर नगसंख्येनुसार बदलला पाहिजे, आणि तो बदल मर्चंडायझरच्या, म्हणजे ग्राहकाशी ऑर्डर ठरवणाऱ्याच्या, मर्जीवर न सोडता तक्त्यात लिहिलेला पाहिजे. दुसरं, १५-२० हरहुन्नरी ऑपरेटरची एक छोटी लाइन वेगळी काढा. तीन-चार मशीन चालवता येणारी माणसं तिथे बसवा, त्यांना जास्त पैसे द्या, आणि सगळ्या लहान ऑर्डर तिथेच पाठवा. मोठ्या लाइनवर एकाच कुळातला माल चढवत राहा: शर्टामागे शर्ट. शर्टानंतर जॅकेट, जॅकेटनंतर नाइटवेअर असं चालवणारा कारखाना कायम पहिल्याच दिवसात अडकलेला असतो. तिसरं, स्टाइल बदलण्याच्या आदल्या दिवशीच मशीनचा लेआउट, फोल्डर, धाग्याचे कोन आणि मंजूर सॅम्पल लाइनवर हजर ठेवायचं. यात पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी आदल्या संध्याकाळी जबाबदार असावं लागतं.

मंदीच्या महिन्यात पडत्या दराची ऑर्डर घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. लाइन रिकामीच बसणार असेल आणि त्या ऑर्डरमधून सगळे बदलते खर्च निघून पगाराला थोडा हातभार लागत असेल तर घ्या. पण दोन अटींवर. तिच्यामुळे पुढच्या महिन्यातला चांगला माल मागे ढकलला जाता कामा नये. आणि ती तुमच्या मुख्य ग्राहकाची नसावी, कारण त्याला एकदा दाखवलेला तळाचा दर पुढच्या हंगामात सुरुवातीचा दर होतो.

मिनिटाइतकाच पैसा कापडात जातो, आणि तो शांतपणे जातो. साध्या कपड्याच्या किमतीत कापडाचा वाटा अर्ध्याहून जास्त असतो. समजा विक्रीच्या १०० भागांत कापड ६० आणि नफा ५ आहे. कापडात २ टक्के वाचले तर १.२ भाग वाचला, म्हणजे नफा जवळपास पावपट वाढला. एवढा फायदा शिलाईदर वाढवून मागून मिळवायचा तर ग्राहकाशी तीन हंगाम भांडावं लागेल. तरीही मालक शिलाई लाइनवर उभे राहतात आणि कटिंग टेबलाकडे फिरकत नाहीत. तिथे काय बघायचं? प्रत्येक थानाची रुंदी मोजली जाते का, की एकाच रुंदीचा मार्कर (कापायच्या भागांचा आराखडा) सगळ्यांवर टाकला जातो? ले, म्हणजे कापायला एकावर एक पसरलेल्या कापडाचा थर, लावताना दोन्ही टोकांना किती कापड सोडलं जातं? सहा मीटरच्या लेला दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर सुटले तरी पाऊण टक्क्याच्या जवळ गेलं. तीन मीटरचा ले असेल तर तेच प्रमाण दुप्पट. थानाचे उरलेले तुकडे कुठे जातात? निटेड कापड उलगडून विसावू दिलं जातं का, की थेट कापून मग मापं आखडल्याची तक्रार येते? ऑर्डर संपली की मंजूर कन्झम्प्शन (नगामागे धरलेलं कापड) आणि प्रत्यक्ष वापर यांचा ताळा त्याच आठवड्यात जुळवा. उरलेलं कापड ‘कधीतरी लागेल’ म्हणून गोदामात ठेवू नका. ते कधीच लागत नाही. तीन महिन्यांत विकून टाका, मिळेल त्या भावात.

गुणवत्तेबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण यावर बोलणारे बरेच आहेत. शेवटच्या तपासणीत माल पास होणं हे गुणवत्तेचं माप नव्हे. एक्यूएल, म्हणजे नमुना तपासून किती दोष चालतील ते ठरवणारी पातळी, २.५ असलेल्या सर्वसाधारण तपासणीत ३,२०१ ते १०,००० नगांच्या लॉटमधून २०० नग काढतात आणि १० पर्यंत दोष चालतात. ते माप ग्राहकासाठी आहे. तुमच्यासाठी माप हे की लाइनच्या आत शंभर नगांमागे किती दोष सापडले आणि किती नग अल्टरला परत गेले. उसवून पुन्हा शिवलेल्या नगावर तुमची मिनिटं दुसऱ्यांदा खर्च होतात, आणि त्या मिनिटांचे पैसे कोणी देत नाही. दोष जिथे होतो त्याच मशीनवर, त्याच तासात पकडला गेला पाहिजे. फिनिशिंगमध्ये दहा चेकर वाढवणं म्हणजे चूक होऊ देण्यासाठी पगार देणं.

आता रोख पैसा. नफ्यात असलेले कारखानेही पैसे संपल्यामुळे बंद पडतात, आणि आपल्या धंद्यात हे सर्रास होतं. कापडाचे पैसे शिपमेंटच्या ६० दिवस आधी गेले आणि ग्राहकाने शिपमेंटनंतर ९० दिवसांनी पैसे दिले, तर १५० दिवस तो पैसा तुमचा किंवा बँकेचा अडकला. वरच्याच उदाहरणातल्या कापडाच्या ६० भागांवर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर या दीडशे दिवसांचे जवळपास ३ भाग होतात. नफा धरला होता ५. म्हणून उधारीची मुदत ही दराचाच भाग समजा. ग्राहक ६० वरून ९० दिवसांवर जायला सांगतो तेव्हा तो खरं तर दर कमी करायला सांगत असतो, फक्त वेगळ्या तोंडाने. प्रत्येक कोटेशनमध्ये व्याजाची ओळ वेगळी ठेवा, निदान तुमच्या स्वतःच्या प्रतीत तरी. आणि पुढच्या तेरा आठवड्यांची आवक-जावक दर सोमवारी कागदावर मांडा. ताळेबंद वर्षातून एकदा येतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

यातूनच तुमच्या ७० टक्क्यांच्या ग्राहकाकडे येऊ. तो चांगला असेल, वेळेवर पैसे देत असेल, तरीही हे प्रमाण धोक्याचं आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभरच्या दुकानांची शटर खाली आली, तेव्हा अनेक मोठ्या ब्रँडनी चालू ऑर्डर रद्द केल्या. नुसत्या बुक केलेल्या नव्हे. कापलेल्या, शिवलेल्या, पेटीत भरलेल्यासुद्धा. एकट्या बांगलादेशात रद्द झालेल्या किंवा थांबवलेल्या ऑर्डरींचा आकडा तिथल्या निर्यातदार संघटनेने ३ अब्ज डॉलरच्या वर सांगितला होता. नंतर दबाव आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी पैसे दिले, पण मधल्या काळात कापडाचं बिल आणि पगार कारखान्याच्याच डोक्यावर होते. शिपमेंटनंतर पैसे देण्याच्या पद्धतीत बँकेची भूमिका कारखानदार निभावतो, हे त्या वेळी सगळ्यांना लख्ख दिसलं.

तुम्ही त्याला सोडू नका. तीन वर्षांत त्याचा वाटा ३५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा, तोही त्याचे नग एकदम न तोडता, बाकीचे वाढवून. दुसरा ग्राहक शोधताना उत्पादन त्याच कुळातलं ठेवा, पण हंगाम किंवा बाजार वेगळा बघा. एकाची उन्हाळी शिपमेंट संपते तेव्हा दुसऱ्याचा हिवाळी माल लाइनवर चढला पाहिजे. उत्पादनही वेगळं आणि ग्राहकही नवा असं एकदम केलंत तर दोन्ही अंगावर येईल. करारात रद्द करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या: कापड घेतल्यानंतर रद्द केलं तर काय, कापल्यानंतर काय, शिवून झाल्यावर काय. मोठा ग्राहक सगळं मान्य करणार नाही. पण कोणता ग्राहक या विषयावर बोलायलाच नकार देतो, हे कळणंही उपयोगाचं असतं.

दीर्घकाळ टिकण्याबद्दल बोलताना आपल्या धंद्याचा इतिहास विसरू नये. १९७४ ते २००४ पर्यंत जगाचा कपड्यांचा व्यापार कोट्यांवर, म्हणजे कोणत्या देशातून किती माल घ्यायचा याच्या मर्यादांवर, चालला. कोटा ज्या देशाकडे आहे तिथे कारखाने उभे राहायचे. १ जानेवारी २००५ ला कोटा संपला आणि फक्त कोट्यामुळे चाललेले कारखाने एकामागून एक बंद झाले. मॉरिशस, लेसोथो अशा ठिकाणी त्याचा फटका मोठा होता. याउलट श्रीलंकेतले कारखाने अंतर्वस्त्रं आणि खेळाचे कपडे अशा कसबाच्या मालाकडे वळलेले होते, ते तगले. पुढे इथिओपियाचं उदाहरण घडलं: हवासा इथल्या औद्योगिक वसाहतीत अमेरिकेच्या शुल्कमाफीच्या भरवशावर कारखाने आले, आणि १ जानेवारी २०२२ पासून ती सवलतच गेली. तुमचा नफा शुल्कमाफीवर, अनुदानावर किंवा चलनाच्या घसरणीवर उभा असेल तर तो वेगळा काढून बघा. उद्या ती गोष्ट गेली तर मिनिटाच्या हिशेबात काही उरतं का? उरत नसेल तर सवलत आहे तोवर तिच्या पैशातून कौशल्य विकत घ्या. इमारती बांधू नका.

कौशल्य म्हणजे शेवटी माणसं. ऑपरेटर टिकत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. किती टिकत नाहीत, हे मोजलंय का? महिन्याला ८ टक्के माणसं जात असतील तर ऐकायला ते कमी वाटतं, पण वर्षात ९६ टक्के होतात. म्हणजे जवळपास अख्खा कारखाना दर वर्षी नवा. नवा ऑपरेटर पूर्ण वेगावर यायला दोन-तीन महिने सहज जातात. मग ४५ टक्क्यांची एफिशियन्सी ५५ होणार कशी? तुमचे इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन फिरत राहतील आणि आकडा तिथेच राहील. माझ्या मते या धंद्यात एफिशियन्सी वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आहेत ती माणसं टिकवणं, आणि तोच मार्ग सगळ्यात कमी वापरला जातो.

माणसं का जातात, हे जाणाऱ्याला विचारा, पण सुपरवायझरसमोर नाही. पगार हे एक कारण असतंच. पण त्यापुढे कारणं निघतात ती अशी: पगार ठरलेल्या तारखेला होत नाही, ओव्हरटाइम संध्याकाळी पाच वाजता जाहीर होतो, पीस रेट कसा ठरला ते कळत नाही, लाइनवर सगळ्यांसमोर आरडाओरडा होतो, बाई असेल तर स्वच्छतागृहाला जायलाही परवानगी मागावी लागते. यातल्या बहुतेक गोष्टी सुधारायला पैसा लागत नाही, सुपरवायझर बदलावा लागतो. किंवा त्याला शिकवावं लागतं. चांगला ऑपरेटर उचलून सुपरवायझर केला आणि माणसं कशी हाताळायची हे शिकवलंच नाही, तर एक चांगला ऑपरेटर गेला आणि एक वाईट सुपरवायझर मिळाला, असा दुहेरी तोटा होतो. महिला ऑपरेटर बहुसंख्य आणि सुपरवायझर सगळे पुरुष, हे चित्र तर सगळीकडेच आहे. ते बदलणारे कारखाने मी पाहिलेत, आणि त्यांच्या लाइनवर तक्रार लवकर वर येते, कारण बोलायची भीती कमी असते.

ओव्हरटाइमबद्दल एक वेगळा मुद्दा. दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास ही उद्योगासाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारात आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवून फक्त हिशेब केला तरी दहाव्या-अकराव्या तासाचं मिनिट जादा दराने मिळतं, त्यात दोष जास्त येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी पडते. सतत ओव्हरटाइम लागतोय याचा अर्थ क्षमता कमी आहे असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा कापड उशिरा आलं, ट्रिम्स (बटणं, लेबलं वगैरे) उशिरा आल्या, ग्राहकाने पीपी सॅम्पल (उत्पादनाआधीचा नमुना) उशिरा मंजूर केलं, आणि टीएनए मधला, म्हणजे कामांच्या तारखांच्या वेळापत्रकातला, तो सगळा उशीर शेवटी शिलाई लाइनवर येऊन कोसळला. म्हणून ओव्हरटाइमचा प्रत्येक तास कोणाच्या उशिरामुळे लागला, ते नोंदवत चला. महिन्याभरात खरी अडचण कुठल्या टेबलावर आहे ते समजेल.

प्रमाणपत्रांकडे वळतो. ती घ्या, आज ती नसतील तर अनेक ग्राहक दारात उभं करत नाहीत. पण प्रमाणपत्र आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवर शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, २५ मार्च १९११ ला, न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण गेले, कारण बाहेर पडायच्या एका दाराला कुलूप होतं. शतक बदललं, कुलूप तेच राहिलं. तुमच्या कारखान्यातली बाहेर पडायची सगळी दारं कामाच्या वेळात उघडी असतात का, जिन्यात पेट्या रचलेल्या नाहीत ना, वरच्या मजल्यावर ठेवलेल्या कापडाच्या आणि जनरेटरच्या वजनाला इमारत बांधली होती का, हे ऑडिटर येण्याची वाट न बघता याच आठवड्यात स्वतः फिरून बघा. इमारतीबद्दल शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. बाकी कुठलाही खर्च पुढे ढकलला तरी हा ढकलू नका.

पर्यावरणाचं म्हणाल तर शिलाईच्या कारखान्याने रंगाई करणाऱ्यांसारखे मोठे प्रकल्प डोक्यात घेऊ नयेत. तुमच्याकडे वॉशिंग नसेल तर पाण्याचा वापर मुख्यतः पिण्याचा आणि स्वच्छतेचा. तुमचा भार विजेत, वाफेत आणि चिंध्यांमध्ये आहे. जुन्या क्लच मोटर असतील तर फक्त शिवतानाच फिरणारी सर्व्हो मोटर बसवा. क्लच मोटर मशीन थांबलेलं असतानाही फिरत राहते आणि शिवणारा माणूस दिवसातला बराच वेळ कापड उचलत, जुळवत असतो, त्यामुळे मोटरची वीज निम्म्याहून खाली येते. वाफेच्या पाइपांना आवरण आहे का, स्टीम ट्रॅप (वाफ न सोडता थंड झालेलं पाणी बाहेर काढणारे झडप) गळतात का, जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असताना कॉम्प्रेस्ड हवेची शिट्टी ऐकू येते का, ते बघा. हे खर्च लवकर भरून निघतात. आणि कापडात वाचवलेला प्रत्येक टक्का हा पर्यावरणाचाही फायदा आहे, कारण ते कापड पिकवायला, विणायला आणि रंगवायला लागलेलं पाणी त्यात आधीच खर्च झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. फिनिशिंगमध्ये डाग काढायच्या गनमध्ये कोणतं रसायन भरतात ते वाचा. ट्रायक्लोरोएथिलीन असेल तर आजच बंद करा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. पर्यायी रसायनं मिळतात, आणि डाग काढायची जागा हवा खेचणाऱ्या पंख्याची, वेगळी असावी. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी वाळूचा मारा करण्याची पद्धतही अशीच होती. हे काम करणारे तरुण सिलिकोसिसने (वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाने) आजारी पडू लागले तेव्हा २००९ मध्ये तुर्कस्तानने ती बंद केली.

ग्राहक कागदपत्रं मागतात ती पुढे वाढतच जातील, तेव्हा ती ओझं म्हणून हाताळण्यापेक्षा गोदामाची शिस्त म्हणून हाताळा. जून २०२२ पासून अमेरिकेत चीनमधल्या शिनजियांगच्या कापसाशी संबंध असलेला माल सक्तमजुरीचा आहे असं गृहीत धरून अडवला जातो, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर असते. तो ती तुमच्याकडे ढकलणार हे उघड आहे. युरोपातही सक्तमजुरीच्या मालावरची बंदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहे. तेव्हा प्रत्येक थान कुठल्या गिरणीचं, त्यातलं सूत कुठलं, कापूस कुठला, ही साखळी लॉट नंबरने जोडून ठेवा. ज्या गिरणीला सांगता येत नाही तिचं कापड स्वस्त असलं तरी पुढे महाग पडेल. माल बंदरात अडकला की तुमची सगळी मिनिटं तिथेच पडून राहतात.

नवी मशीन घ्यायची की नाही? वरच्या हिशेबातली एफिशियन्सी ४५ वरून ५५ टक्क्यांवर आल्याशिवाय लाइन वाढवू नका. आहे तीच मिनिटं विकली जात नसताना आणखी मिनिटं विकत घेण्यात अर्थ नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर जिथे माल तुंबतो त्या एका ऑपरेशनवर करा. आपोआप धागा कापणारं मशीन किंवा खिशा-कॉलरसाठी टेम्प्लेट यांतून बहुतेक वेळा ती गाठ सुटते. स्वयंचलित कटर आकर्षक दिसतो, पण दोन लाइनचा माल त्याला दिवसातले थोडेच तास पुरेल. तो घेण्याआधी बाहेरून कापून घेण्याचा दर तपासा.

राहिली मुलगी. तिला सुरुवातीलाच ग्राहकांच्या भेटीगाठींना नेऊ नका. ते काम चकचकीत असतं, आणि त्यात कारखाना कळत नाही. पहिलं वर्ष कटिंग टेबलावर आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरबरोबर जाऊ द्या; थानाची रुंदी आणि मशीनवरची मिनिटं तिने स्वतः मोजावीत. दुसऱ्या वर्षी पगारपत्रक आणि तेरा आठवड्यांची आवक-जावक तिच्याकडे द्या. तोवर एक काम तुम्ही करा: कोणत्या ऑर्डरला हो म्हणायचं आणि कोणत्या दराखाली नाही, कोणता कापडवाला माल वेळेवर देतो, कोणत्या सुपरवायझरवर कितपत भरवसा, हे जे सगळं तुमच्या डोक्यात आहे ते लिहून काढा. तिसऱ्या वर्षी कोटेशनवर सही तिची असू द्या, आणि ती तुमच्या जुन्या ग्राहकाला पहिल्यांदा नाही म्हणेल तेव्हा मागच्या दाराने फोन करून हो म्हणू नका.